गजांवरच्या बाटल्या

लिमा, ११ जून

श्रीयुत एदिल्बेर्तो सुल्का, वास्तुरचनाकार, बार्सिलोना, यांस,

आपल्या कचेरीच्या पत्त्यावर लिहिते आहे, कारण घरचा पत्ता आपण कळवलेला नाही. फोन लावला की आपण बैठकीत असता. पत्राला बैठकीत जाता येत नाही, ते टेबलावर पडून राहतं, म्हणून पत्र.

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते आहे असं समजावं. माणसांच्या गरजेप्रमाणे बदलणारी घरं आपण रचता, असं आपल्या पुस्तकाच्या पाठीवर छापलंय. तसं एक घर माझ्याकडे आहे. आपणच रचलेलं. त्याच्याबद्दल थोडी विचारणा करायची आहे.

एक. व्हीलचेअर आत यायची तर दार किती रुंद लागतं? तळमजल्याचं पुढचं दार रुंद करता येईल का?

दोन. तळमजल्यावर पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामधली भिंत वजन घेत नाही, ती कधीही काढता येईल, असं आपण बाबांना सांगितलं होतं. ते अजून खरं आहे का, की वरचे दोन मजले झाल्यावर बदललं?

तीन. जिन्याखालच्या जागेत न्हाणीघर होईल असं आराखड्यात होतं. आराखडा आपण काच लावून भिंतीवर टांगल्यामुळे मागच्या बाजूची मापं वाचता येत नाहीत.

आई बरी आहे. आपण विचारलेलं नाही, तरी सांगते.

आपली गिऱ्हाईक आणि सख्खी बहीण,
सेनाइदा सुल्का
पहिला मजला

---

४ जुलै

एदिल्बेर्तो,

उत्तर मिळालं. तुझं नाही, तुझ्या कचेरीतल्या मोंसेरात नावाच्या मुलीचं. फार गोड लिहिते. तिने मला सरकत्या भिंतींचं चित्रपुस्तक पाठवलं. त्यात एक पलंग आहे, तो सकाळी कपाटात जातो. एक टेबल आहे, ते भिंतीत जातं. माणसं कुठे जातात ते दाखवलेलं नाही.

खाली तिने कळवलंय की तळमजला हे 'मूळ बीज' आहे, आणि सप्टेंबरात पारितोषिक समिती पाहून जाईपर्यंत त्याला हात लावू नये, अशी तुझी सूचना आहे. तेव्हा आपण-बिपण पुरे झालं. तू घोटीव शब्द मोंसेरातकडून लिहून घेतोस, माझ्याकडे तसलं कोणी नाही.

मूळ बीज म्हणे. तुला आठवतं का, तू कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतास आणि बाबांनी विटा आणायच्या आधी तू जेवायच्या टेबलावर कागद पसरलास. तोवर या टेकडीवर प्रत्येकाने आपल्या मनाने बांधलं होतं. जिना घरातून, म्हणजे वरच्या सुनेला खालच्या सासूच्या स्वयंपाकघरातून जावं लागायचं. तू म्हणालास, जिना बाहेरून, रस्त्याकडून घ्यायचा. म्हणजे प्रत्येक मजला हवा तेव्हा वेगळा होतो, हवा तेव्हा एक होतो. बाबांना ते आवडलं नाही. एका घराला एकच दार असतं, म्हणाले. पण तू शिकलेला, आणि तुझ्या शिक्षणासाठी मी शाळा सोडून शिलाई मशीनवर बसलेली, त्यामुळे तुझं न ऐकणं घरातल्या कोणालाच परवडण्यासारखं नव्हतं.

मग तू रंगीत पेन्सिलीने माणसं काढलीस. तळमजल्यावर नवरा-बायको आणि पोरं. पोरं मोठी झाली की एक मजला वर चढवायचा. आईबाप धडधाकट आहेत तोवर तेही वर, नव्या मजल्यावर. आणि म्हातारे झाले की परत खाली. खालच्या दाराशी तू काठी घेतलेली एक वाकलेली बाई काढली होतीस. आई म्हणाली, "ही कोण?" तू म्हणालास, "तूच." तेव्हा आई डोक्यावर बटाट्याचं पोतं घेऊन बाजारात जायची. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं.

बाबांनी विचारलं, "आणि मी कुठे?"

"तुम्ही आधी वर, मग खाली."

"म्हणजे मला लिफ्ट केलंय पोराने."

बाबा वरच गेले, त्यांना खाली यायची वेळ आली नाही. जाताना मजले वाटून गेले. मधला माझा, वरचा आईचा, तळमजला तुझा, कारण तूच म्हणाला होतास, मी खाली राहीन, म्हणजे आई थकली की माझ्याकडे येईल. आणि गच्चीवर खांबांचे जे लोखंडी गज वर काढून ठेवलेत, ते तुझ्या मुलांच्या मजल्यासाठी.

आता त्या तळमजल्यात तू काय ठेवलंयस? चटया. आपण या टेकडीवर जागा धरली त्या पहिल्या रात्री वाळूत खांब रोवून ज्या बोरूच्या चटयांच्या भिंती केल्या, त्यांची आठवण म्हणून. विद्यार्थी येतात, हात लावून बघतात, एक मुलगी रडली सुद्धा. मी कुलूप उघडून देते, झाडून ठेवते, तोंड बंद ठेवते. त्या चटया तू बाजारातून आणून रॉकेलच्या धुराने काळ्या केल्यास, हे मला माहीत आहे, कारण वास जिन्यातून वर येत होता. आपल्या खऱ्या चटया, विटा आल्या त्याच वर्षी आईने चुलीत घातल्या. त्यावर सूप केलं होतं. तू दोनदा मागून घेतलं होतंस.

माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं अजून यायची आहेत.

सेनाइदा

---

२ ऑगस्ट

एदिल्बेर्तो,

काल तू स्वतः फोन केलास. मी गोंधळले, म्हणून जे बोलायचं ते बोलले नाही. आता लिहिते.

तू म्हणालास, "तुझा मजला मधला आहे ना? मग आईला तुझ्याकडे का घेत नाहीस? घर बदलतं म्हणजे सगळ्यांनी थोडं बदलायचं, सेनाइदा."

तर ऐक. मी घेतलं होतं. मागचा हिवाळा आई माझ्याकडेच होती. मी शाळांचे गणवेश शिवते त्या खोलीत, चार मशिनं आणि कापडाचा भुगा. तिची छाती भरली. डॉक्टर म्हणाला, एक तर हे कापड काढा नाहीतर ह्यांना काढा. मी आईला परत वर नेलं. मशिनं काढली असती तर आम्ही खाल्लं काय असतं, हे खरं आहे. आणि मशिनं काढायचा विचारही मी फार वेळ केला नाही, हेही खरं आहे. ते तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

पण माझ्या मजल्यावरूनही जिना आहेच. आणि तुझा जिना बाहेरचा. हिवाळाभर, जून ते सप्टेंबर, पावसाची ही बारीक भुरभुर पायऱ्यांवर बसून राहते, कठडा चिकट होतो. आईने दोन वर्षांत जमिनीला पाय लावलेला नाही, एदिल्बेर्तो. बाजार नाही, प्रार्थना नाही, शेजारच्या बाईचं मूल बघायला जाणं नाही. कोणी गेलं तर ती वरून बघते, शवपेटी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

तू विचारशील, किल्ली तर तुझ्याकडेच आहे, मग उघड आणि ठेव तिला खाली. मी तेच म्हणाले तिला. आई म्हणाली, "ती त्याची खोली आहे."

म्हटलं, "आई, तिथे कोणी राहत नाही. चटया राहतात."

"असू देत. बापाने दिलेली आहे. त्याला विचार. त्याने ये म्हटलं की येईन. दुसऱ्याच्या घरात न विचारता घुसायला मी काय तिथे वाळू बळकावायला आले आहे?"

म्हटलं, "तशीच तर आली होतीस ह्या टेकडीवर."

"तेव्हा ती कोणाची नव्हती," म्हणाली. "आता माझ्या मुलाची आहे."

काल हेच तुला थोडक्यात सांगितलं, तर तू म्हणालास, "सप्टेंबर होऊ दे. समितीला मूळ अवस्था दाखवायची आहे. मग बघू."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं ते कळत नाही. लहानपणापासून सवय आहे.

सेनाइदा

---

२५ ऑगस्ट

एदिल्बेर्तो,

आईने मला शपथ घातली होती की हे तुला सांगायचं नाही. मी दोन वर्षं पाळली. आज मोडते.

तुला मी कळवलं होतं की आई न्हाणीघरात घसरली. तसं नाही झालं.

गच्चीवरच्या गजांना गंज लागू नये म्हणून आपल्याकडे बाटल्या उपड्या घालतात, ते तू जाणतोस. तुझ्या पुस्तकात त्यांचा मोठा रंगीत फोटो आहे, आभाळात उभे गज आणि त्यावर बाटल्या, खाली 'उद्याची वाट पाहणारं घर' असं लिहिलंय. त्या बाटल्या कोण घालतं असं तुला वाटलं? दर वर्षी हिवाळ्याच्या आधी आई जुन्या, उन्हाने तडकलेल्या बाटल्या काढायची आणि नव्या घालायची. बाजारातल्या रसवाल्या बाईकडून मागून जमवायची, धुवायची, पोतं खांद्यावर टाकून वर जायची. मी म्हणायचे, "आई, तिथे कोणी बांधणार नाही." ती म्हणायची, "मुलगा आहे त्याला. मुलगा मोठा होईल. गंजलेल्या गजावर कोणी मजला चढवत नाही."

तुझ्या मुलाला, पाऊला, तिने फोटोतच पाहिलंय. त्याला तिची भाषा येत नाही, स्पॅनिशही तो तिकडची, दुसरीच बोलतो. तरी त्याच्या मजल्याचे गज तिने तळहातावरच्या फोडासारखे जपले.

त्या दिवशी सकाळी भुरभुर होती. जुन्या बाटल्यांचं पोतं घेऊन उतरताना तिचा पाय वरच्या वळणावर सुटला. तिथे कठडा तू ठेवला नव्हतास, कारण पुढे जिना आणखी वर जाणार होता. मी मशीनवर होते, मला आवाज आला तो पोत्याचा वाटला. खुब्याचं हाड मोडलं. ते नीट बसलं नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? म्हणाली, "एदीला सांगू नकोस. त्याला वाटेल जिना वाईट काढला."

मी तुझ्याकडे आता दाराचं माप मागत नाही. भिंतीचं अनाक्लेतो मिस्त्रीला कळतं, त्यानेच ती बांधली आहे. मला तुझ्याकडून एकच वाक्य हवं आहे, आणि तेही मला नको, तिला. फोन करून तिच्या कानात म्हण: "आई, खाली ये." बाकी सगळं आम्ही करू.

सेनाइदा

---

२१ सप्टेंबर

एदिल्बेर्तो,

फोन केला नाहीस. आलास. प्रत्यक्ष येऊन सांगणार म्हणून फोन केला नसेल, असं मी चार दिवस मानत होते. आईला निळा स्कर्ट घातला. तिने दोन वेळा वेणी सोडून पुन्हा घालायला लावली.

जे झालं ते तू तिथेच उभा राहून पाहिलंस. तरी सांगते, कारण तू पाहुण्यांकडे तोंड करून उभा होतास आणि आई तुझ्या पाठीशी होती.

तू आणि समितीने आधी तळमजला पाहिला. बराच वेळ. मग माझा मजला भराभर, मशिनं बघून त्या उंच बाईंनी "छान" म्हटलं. मग वर. आई दारात खुर्चीवर बसली होती. तू तिच्या कपाळाचं चुंबन घेतलंस आणि सगळ्यांना म्हणालास, ही माझी आई, हीच या घराची पहिली रहिवासी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला काय करावं कळेना, म्हणून तिनेही वाजवल्या.

मग ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, माद्रिदचे, वाकून म्हणाले, "आजी, तुमचं वय वाढलं तसं हे घर तुमच्यासाठी कसं बदललं?"

प्रश्न स्पॅनिशमध्येच होता. आईने बाजारात चाळीस वर्षं बटाटे विकले, ते काय खुणांनी विकले? तिला सगळं कळलं. पण तिने त्यांना उत्तर दिलं नाही. तुझ्याकडे बघितलं आणि गावच्या भाषेत म्हणाली, हळू, जसं ती तुला लहानपणी अंघोळीला बोलवायची:

"बाळा, मला खाली घे. मातीला पाय लावायचाय. तू म्हण, म्हणजे येते."

तू एक क्षण थांबलास. तेवढं मी पाहिलं, आणि त्या क्षणाचं श्रेय तुला देते. मग तू त्यांच्याकडे वळलास आणि स्पॅनिशमध्ये म्हणालास:

"ती म्हणते, इथून अख्खी टेकडी दिसते. तिला दुसरीकडे कुठेही जायचं नाही."

तुझ्याबरोबर आलेल्या मोंसेरातने लिहून घेतलं. दाढीवाले म्हणाले, "किती सुंदर."

तुझ्या डोक्यात काय आलं असेल यावर मी रात्री विचार केला. आई आपल्या भाषेत बोलली म्हणजे तिला दुसरी येत नाही, असं क्षणभर तुलाही वाटलं का? पाहुण्यांसमोर गावाकडची अडाणी म्हातारी उभी करता करता तुझाच तिच्यावर विश्वास बसला? का तुला आठवत होतं, आणि ती गप्प बसेल याची खात्री होती?

गप्प ती बसलीही. मी तिच्यासमोर होते. तिचा चेहरा पडला वगैरे काही नाही. बाजारात एखाद्याने वजनात फसवलं की ती जसं बघायची ना, न भांडता, पुढच्या वेळेसाठी तोंड लक्षात ठेवत, तसं तिने तुझ्या पाठीकडे बघितलं. मग स्वच्छ स्पॅनिशमध्ये पाहुण्यांना म्हणाली:

"चहा घेऊन जा. आणि उतरताना जपून, साहेब. वरच्या वळणावर कठडा नाही."

तेव्हा तू वळलास. तुझे कान लाल झालेले मी पाहिले. पण गच्ची दाखवायची राहिली होती, गज राहिले होते, उजेड जात होता. तू त्यांना घेऊन वर गेलास. उतरताना आत डोकावून म्हणालास, "आई, गाडी खाली थांबली आहे, मी उद्या येतो."

तुझा तो 'उद्या' येऊनही गेला. मोंसेरातचा निरोप आला की विमान लवकरचं होतं.

सेनाइदा

---

५ ऑक्टोबर

एदिल्बेर्तो,

आई खाली आली.

तू गेलास त्यानंतर ती चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, "अनाक्लेतोला बोलव."

म्हटलं, "एदीला विचारायचं ना?"

"विचारलं," म्हणाली. "त्याने उत्तर दिलं. आता विचारायचं राहिलं नाही."

रविवारी गल्ली जमली. स्लॅब टाकायच्या दिवशी जमते तशीच: बाया पातेलं घेऊन, पुरुष जुन्या चपला घालून. फक्त या वेळी घमेली वर जायची नव्हती. जिन्यावर एकाआड एक माणूस उभा राहिला आणि आईचं सामान हातोहात खाली आलं. गादी, भांडी, बाबांचा फोटो, गाठोडी. अनाक्लेतो मिस्त्री मधल्या वळणावर उभा राहून सगळ्यांना दटावत होता.

"वर चढवताना बीअर असायची," कोणीतरी म्हणालं. "उतरवताना काय मिळणार?"

"शिव्या," अनाक्लेतो म्हणाला. "हात चालवा."

शेवटी आई. खुर्चीला दोऱ्या बांधून चौघांनी उचलली. वळणावर ती म्हणाली, थांबा, मला भीती वाटते. अनाक्लेतो म्हणाला, "फोर्तुनाताबाई, स्लॅब ओतताना मधे थांबतात का? सांधा राहतो. तुम्हालाही मधे थांबवलं तर कायमची चीर पडेल. डोळे मिटा."

"डोळे मिटले तर तू मला कुठे नेतोयस ते कसं कळेल?"

"खालीच नेतोय. वर न्यायला तुमचा मुलगा आहे."

सगळे हसले. आईही. मी हसले नाही असं लिहिणार होते, पण हसले.

मधली भिंत त्याने आदल्या दिवशीच पाडली होती. ती खरंच वजन घेत नव्हती, तेवढं तुझं बरोबर होतं. दार रुंद झालं. जिन्याखाली न्हाणीघर होतंय. तुझ्या चटया पातेल्याखाली घातल्या. रॉकेलचा धूर आधी खूप झाला, मग चांगल्या पेटल्या. कोंबडीचं सूप झालं, सगळ्या गल्लीला पुरलं. आराखडा जाळला नाही. तो आईने तिच्या पलंगाच्या पायथ्याशी लावून घेतला. वाकलेल्या बाईवर बोट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ही मी. माझ्या मुलाने काढलीय. बघा, कुठे बसवलीय." तिच्या आवाजात काय असतं ते मला ओळखता येत नाही. मी अजून प्रयत्न करते आहे.

आत नेण्याआधी तिने खुर्ची दाराबाहेर ठेवायला लावली होती. मी तिचे मोजे काढले. तिने पाय वाळूवर टेकले आणि बराच वेळ तसेच ठेवले. "गार आहे," म्हणाली. एवढंच. मी वाट बघत होते की आता ती रडेल, किंवा तुला काहीतरी बोलेल. मला ते ऐकायचं होतं.

ती मान वर करून गच्चीकडे बघायला लागली. खालून तिला नीट दिसत नव्हतं. म्हणाली, "वरच्या बाटल्या आहेत ना गं नीट? भुरभुर अजून संपली नाही."

"आहेत," मी म्हटलं.

नाहीत. शनिवारी मी वर जाऊन एकूण एक काढल्या आणि पोतं भरून भंगारवाल्याला दिल्या. त्या जिन्यावरून उतरताना वळणावर मी बसून उतरले, लहान मूल उतरतं तशी.

आईचा मजला आता रिकामा आहे, गच्ची रिकामी आहे. तुझ्या मुलाला म्हणावं ये, हवं तेव्हा बांध. तुझ्या आराखड्याप्रमाणे सगळं मोकळं आहे. फक्त गज तेवढे आधी घासून घ्यावे लागतील.

सेनाइदा
पहिला मजला